मागच्या सीटवरचे बडे बाबू

आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात कोणी नवी मोटारसायकल घेतली, की पेढे वाटायच्या आधी ती बडे बाबूंसमोर नेऊन उभी करायची पद्धत होती. पद्धत कोणी पाडली ते ठाऊक नाही. पण बाबूंनी पास केल्याशिवाय मालकाला गाडी आपली वाटायची नाही, एवढं खरं.

बडे बाबू म्हणजे डिस्पॅचचे हेडक्लार्क. त्यांना आडनाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी खिडकीवर पुकारलं जायचं तेवढंच. उंच, सडपातळ, मान जराशी डावीकडे कललेली, आणि उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा. गाडी आली की ते टेबलावरचा कागद तसाच ठेवून बाहेर यायचे. गाडीभोवती एक चक्कर मारायची, टाकीवर टिचकी वाजवायची, आणि मालकाला म्हणायचं, "चाल, बस समोर. मी मागं बसतो."

ते स्वतः गाडी कधी चालवत नसत. कँटीनमधला स्टीलचा गिलास पाण्यानं काठोकाठ भरून घ्यायचे, तो उजव्या हातात धरून मागच्या सीटवर बसायचे आणि डोळे मिटायचे. गेटपासून नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आल्यावर गिलासात किती पाणी उरलं आणि बाबूंची पँट किती भिजली, यावरून गाडीचा निकाल. नवा सिक्युरिटी गार्ड पहिल्यांदा हा प्रकार पाहून सलाम ठोकायचाच विसरला होता.

"समोरचा माणूस रस्ता पाह्यते, म्हशी पाह्यते, सिनेमाचे पोस्टर पाह्यते," बाबू म्हणायचे. "गाडी कशी हाये, हे मागच्यालेच समजते."

तुलना हा त्यांचा आजार होता. दुकानातून ते कधी एक वस्तू आणत नसत, दोन आणत. दोन प्रकारचे खराटे, दोन प्रकारची चहापत्ती, दोन बागांची संत्री. एकदा तर त्यांनी डाव्या पायात एका दुकानाची आणि उजव्या पायात दुसऱ्या दुकानाची चप्पल घालून अख्खा उन्हाळा काढला. कोणती आधी झिजते ते पाहायचं होतं. त्याच चपला घालून ते माझ्या बहिणीच्या लग्नाला आले. माझ्या मामांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितलं, "साहेब, तुमची चप्पल बदलली वाटते." बाबू म्हणाले, "नाही जी. निकाल अजून लागला नाही." मामा त्या दिवसापासून मला विचारत राहिले, की तुमच्या कारखान्यात सगळेच असे आहेत काय.

अशा माणसाच्या हाती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दोन जपानी गाड्या लागल्या.

तोवर आमच्याकडे मोटारसायकल म्हणजे नुसतं लोखंड होतं. दूधवाल्याची असो की फौजदाराची, ती सुरू करायला मांडीत बळ लागायचं आणि थांबवायला देवाची कृपा. मग जपानी इंजिनाच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हलक्या, चकचकीत, पोस्टरवर वाऱ्याशी शर्यत लावल्यासारख्या वाकलेल्या. त्यातल्या दोन गाड्यांनी नागपुरातली तरणी पोरं वाटून घेतली. कंपन्यांची नावं मी घेत नाही, कारण दोन्हीकडचे भक्त अजून हयात आहेत. आमच्या कारखान्यात एक होती लाल आणि एक काळी, तेवढं पुरे.

लाल गाडी टूलरूममधल्या वानखेडेची. टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, मागून निळा धूर निघे आणि मूठ पिळली की बसणाऱ्याची मान मागे जाई. काळी गाडी माझी. फोर-स्ट्रोक. पोट भरलेल्या मांजरासारखी गुरगुरायची आणि एकदा टाकी भरली की पेट्रोल पंपाचा रस्ता विसरायला व्हायचं. पळण्यात लाल आणि सांभाळण्यात काळी, हे दोघांनाही मनातून मान्य होतं. पण मनातलं कँटीनमध्ये बोलायचं नसतं.

"तुही गाडी म्हणजे पेन्शनवाल्यायची गाडी हाये," वानखेडे म्हणायचा.

"अन् तुही म्हणजे मच्छर मारायचं मशीन," मी म्हणायचो.

वानखेडे आणि मी आयटीआयपासूनचे मित्र. एका डब्यात जेवणारे. या गाड्यांपायी आमचे डबे वेगळे झाले. ऐकायला हसू येतं, पण तीन टेबलं सोडून बसलेल्या मित्राच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वास येत असताना आपली गवार चावणं सोपं नसतं.

बडे बाबूंनी दोन्ही गाड्यांवर पाण्याचा गिलास घेऊन कित्येक चकरा मारल्या होत्या. काळीवर पँट कोरडी राहायची, लालवर गुडघ्यापर्यंत भिजायची. म्हणजे निकाल माझ्या बाजूनं, असं मी धरून चाललो होतो. पण बाबू निकाल देईनात. उलट त्यांचे प्रश्न दिवसेंदिवस विचित्र होत गेले.

"किक मारायले पाय किती वर न्या लागते?"

"गाडी चिखलात आडवी झाली, तर एकट्याले उचलता येते काय?"

"चेनचं कव्हर पुरं हाये न? कापड गुतते काय त्यात?"

"अन् काही वर्षांनी विकायची म्हटली, तर खेड्यातला माणूस कोणती घेईन? खेड्यातल्या मिस्त्रीले कोणती समजते?"

आम्हाला वाटलं, बाबू आता स्वतः गाडी घेणार. सक्करदऱ्यापासून कंपनीच्या बसनं येऊन-जाऊन माणूस कंटाळणारच. कोणती घेतात यावर पैजाही लागल्या. वानखेडेची आणि माझी इज्जत आता बाबूंच्या हातात होती.

एका शुक्रवारी बाबूंनी आम्हा दोघांना बोलावलं. "रविवारी सकाळी दिघोरी नाक्यावर या. दोघंही. उमरेड रोडनं जाऊ. खरी ट्रायल तिथं होईन."

पावसाळा नुकताच सरला होता. दुतर्फा कापूस गुडघ्याएवढा झालेला, रस्ता धुतल्यासारखा मोकळा. बाबू जाताना लालवर बसले. नाका सुटला आणि वानखेडेनं मूठ पिळली. लाल गाडी जी गेली, ती मला थेट एका चिंचेखाली उभी दिसली. बाबू झाडाला टेकून पान खात होते.

"चहा पिऊन घेतला असता आम्ही," वानखेडे म्हणाला.

मी म्हणालो, "पेट्रोल पाह्य तुह्या टाकीतलं."

"झगडू नका," बाबू म्हणाले. "इथून आत वळायचं."

आत रस्ता नव्हता, गाडीवाट होती. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, आणि काळी माती अजून ओली. ती माती चाकाला धरते आणि मडगार्डमध्ये जाऊन बसते. माझी गाडी थोडं अंतर गेली आणि रुतली. वानखेडेची शेपटी हलवत, धूर ओकत, बेडकासारख्या उड्या मारत पुढे निघून गेली. बाबू उतरून परत माझ्यापाशी आले. पँट वर दुमडलेली, चपला हातात.

"बाबू, जरा मागून लावा न हात."

"नाही लावत. एकट्यानं काढ. तेच तं पाहाचं हाये."

मी एकट्यानं काढली. अर्धी काळी माती माझ्या अंगावर आली. बाबू बाजूला उभे राहून माझ्या हातांकडे, पायांकडे, कंबरेकडे असं पाहत होते, की मला वाटलं ते गाडीची नाही, माझीच ट्रायल घेऊन राहिले.

वाट एका लहानशा गावात संपली. गावाच्या तोंडाशी पांढऱ्या चुन्याची दोन खोल्यांची इमारत, दारावर आरोग्य उपकेंद्राची पाटी. आतून पांढऱ्या साडीतल्या एक बाई हात पुसत बाहेर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, रुंद मनगटांच्या. आमच्याकडे पाहिलं, चिखलानं भरलेल्या गाड्यांकडे पाहिलं, मग बाबूंकडे.

बाबूंचा आवाज एकदम बदलला. इतकी वर्षं ऐकला नव्हता असा मऊ झाला.

"चहा टाक वं," ते म्हणाले. "दोनही गाड्या आणल्या तुले दाखवाले."

त्या बाबूंच्या पत्नी. मी पुढे त्यांना काकू म्हणू लागलो. सरकारी नर्स. वर्षभरापूर्वी त्यांची बदली या गावी झाली होती. एसटी उमरेड रोडच्या फाट्यावर सोडायची आणि पुढे त्या वाटेनं पायी. रोज ये-जा होण्यासारखी नव्हती, म्हणून त्या उपकेंद्राच्याच मागच्या खोलीत राहत आणि पंधरवड्यातून एखाद्या रविवारी घरी येत. ती फेरीही एखादं बाळंतपण आलं की चुकायची. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेलेली. म्हणजे वर्षभर बडे बाबू सक्करदऱ्याच्या घरात एकटेच खिचडी शिजवत होते, आणि कारखान्यात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

चहा पिताना वानखेडेनं विचारलंच. "बाबू, तुम्ही गाडी चालवान आता?"

"मी कायले चालवू? ही चालवणार हाये."

वानखेडेला हसू आवरलं नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर. त्या काळी बायकांनी मोपेड चालवली तरी लोक वळून पाहत. मोटारसायकलचा तर प्रश्नच नव्हता.

काकूंनी बशी खाली ठेवली. "काहून हासून राहिला गा? ढोपराइतक्या चिखलातून मी पेटी डोक्यावर घेऊन जाते, तवा तं कोणी नाही हासत."

वानखेडेनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मोपेड पाह्यली मी," बाबू म्हणाले. "या मातीत तिचं चाक जाम होते. स्कूटरचं चाक लहान, अन् इंजिन एका बाजूले. राहिल्या ह्या दोन. माह्याच्यानं जमलं असतं तं मीच नेलं-आणलं असतं हिले. पण लहानपणी टायफाइड माह्या कानात उतरला. तेव्हापासून तोल नाही. सायकलवर बसवलं का मी पडतो. अन् नेहमी डावीकडेच पडतो."

"सप्तपदीलेही मीच धरून चालवलं यायले," काकू म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. बाबूही हसले. मग खाली पाहत म्हणाले, "रोज संध्याकाळी घरी आली पाह्यजे न ही. एवढंच हाये."

परत येताना बाबू माझ्या मागे बसले होते. हातात गिलास नव्हता. वानखेडे पुढे पळाला नाही, आमच्या बरोबरीनं हळू चालवत राहिला. नाक्यावर थांबल्यावर तो मला म्हणाला, "उद्या डबा माह्याजवळ आण."

काकूंनी रजा काढली आणि सक्करदरा तलावाजवळच्या मैदानावर सकाळची शाळा सुरू झाली. एक दिवस काळी, एक दिवस लाल. मास्तर आम्ही दोघं. काकूंनी साडीला काष्टा मारला, पदर कमरेला खोचला आणि किक हाणली. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. वानखेडे माझ्याकडे पाहून डोळे मोठे करू लागला. मग काकूंनी क्लच एकदम सोडला आणि गाडी त्यांना घेऊन बेशरमच्या झुडपात घुसली.

बाबू छत्री टाकून धावले. "लागलं काय वं?"

झुडपातून आवाज आला, "गाडीले विचारा!"

लोक जमू लागले. फिरायला येणारे एक म्हातारे गृहस्थ रोज कठड्यावर बसून मान हलवायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "अहो, बाईमाणसाला हे शोभतं का?" त्यांनी बाबूंना विचारलं.

बाबूंनी प्रश्नाचा नीट विचार केला. कोणत्याही प्रश्नाचा करायचे तसा. "काळीवर जास्त शोभते," ते म्हणाले. "लालवर जरा कमी. पण मी अजून पाहून राहिलो."

म्हातारे उठून गेले ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि पुढे काकू वळण नीट घेऊ लागल्या तेव्हा टाळी वाजवणारे पहिले तेच.

रजा संपत आली तेव्हा बाबूंनी मैदानावर सभा घेतली. श्रोते आम्ही दोघं आणि काकू. त्यांनी दोन्ही गाड्यांचा असा कीस काढला, की जपानी कारखानदार असता तर वही काढून बसला असता. वजन, किक, ब्रेक, पेट्रोल, सुटे भाग, उमरेडला कोणता मिस्त्री बसतो, विकताना काय हाती येईल. पळायला लाल पुढे, हे त्यांनी मान्य केलं. "पण नर्सबाईले शर्यत लावाची नाही. मालकी म्हणून पाह्यलं तं काळीच. मुकाट्यानं चालन, कमी पिईन, म्हातारी झाली तरी कोणी तरी घेईन."

मी छाती फुगवून वानखेडेकडे पाहिलं.

"झालं तुमचं?" काकू म्हणाल्या. "आता मी एक एक चक्कर मारून येते. दोघायनं बाजूले सरका."

काळीवर गेल्या, आल्या. नीट, सरळ, चांगल्या. मग लालवर बसल्या. तलावाच्या कडेनं लांबचा फेरा घेतला. आवाज चढत गेला, दूर झाला, पार नाहीसा झाला. बाबूंचा चेहरा उतरला. मग पलीकडून टर्र करत त्या आल्या. अंबाडा सुटलेला, केस पाठीवर, चेहरा लालबुंद. गाडी थांबवली तरी उतरेनात.

"हीच पाह्यजे मले," त्या म्हणाल्या.

"पण मी आत्ताच सांगतलं न..."

"तुम्ही दोनही गाड्या मागून पाह्यल्या. ही हलकी हाये. चिखलातून उडी मारून निघते, तुम्हीच सांगतलं होतं. अन् दुसरं म्हणजे," काकू थोड्या थांबल्या, "मले मजा आली. लय वर्षांनी आली."

बाबूंनी छत्री उचलली आणि ते घरी निघाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात डिस्पॅचचे कागद उलटेसुलटे करत बसले. मला वाटलं, राग आला. जेवणाच्या सुटीत ते आमच्या टेबलाशी आले. वानखेडेच्या डब्यातली वांग्याची फोड उचलून तोंडात टाकली.

"माह्या हिशेबात एक कलम राहूनच गेलं होतं," ते म्हणाले. "सकाळी दार उघडलं का गाडी पाहून मालकाले बरं वाटते का नाही. हे मी लिहिलंच नाही कुठं. मालकी मालकी करत राहिलो, अन् मालकिणीले विचारलंच नाही."

लाल गाडीचं बुकिंग झालं. नंबर यायला वेळ लागला. गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर टर्र असा आवाज झाला. आम्ही सगळे बाहेर आलो. पुढे काष्टा मारलेल्या काकू, मागे बडे बाबू, एका हातात डबा, दुसरा हात पत्नीच्या खांद्यावर. बाबू उतरले, पट्टा सरळ केला, डबा सावरला. कोणीतरी शिट्टी मारली. बाबूंनी मान वर केली तेव्हा आम्हाला वाटलं, आता ओरडणार.

"मागच्या सीटले पास केली," ते म्हणाले. "समोरचं तिले विचारा."

काकूंनी गाडी वळवली आणि सगळ्या पाळीच्या देखत निघून गेल्या. त्या दिवशी कारखाना उशिरा सुरू झाला.

त्या रोज संध्याकाळी घरी येऊ लागल्या. बाबूंचा चेहरा भरला. मान डावीकडेच राहिली, पण खिचडी एकदाची सुटली. मग एक दिवस त्यांनी आम्हाला सांगितलेली गोष्ट मला नेहमी आठवते. गावापलीकडच्या वस्तीवर एक पोरगी बाळंतपणात अडली होती. बैलगाडीनं उमरेडला न्यायला दुपार झाली असती. काकूंनी तिला गाडीवर आपल्या मागे बसवलं, तिच्या मागे तिच्या सासूला बसवलं, तिघींना मिळून लुगड्यानं बांधलं आणि त्या मातीतून गाडी काढली. उमरेडच्या दवाखान्यात मुलगा झाला, दोघंही धड राहिले.

"सासू लय शिव्या देत होती म्हणे रस्ताभर," बाबू सांगत होते. "दवाखान्यात उतरल्यावर म्हणे, बाई, वापस जाताना मले असंच घेऊन चाल, मले बैलगाडी नाही पाह्यजे." सांगताना ते हसत होते आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. आम्ही ते उन्हामुळे आहे असं धरून चाललो.

पुढे बाबू निवृत्त झाले. कधी कधी काकूंबरोबर गावी जायचे, लसीच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना सांभाळायचे. माझं लग्न झालं. वानखेडेचं तर माझ्या आधीच झालं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी पत्नीला घेऊन उमरेडला चाललो होतो. तिकडे हातमागाच्या साड्या चांगल्या मिळतात, असं तिनं कुठून तरी ऐकलं होतं. माझी काळी गाडी आपल्या तब्येतीनं चालली होती. मागून हॉर्न आला. वळून पाहतो तर काकू. केस अर्धे पांढरे, गाडीचा लाल रंग उन्हानं गुलाबी झालेला. मागे बाबू. मला ओळखताच काकूंनी गाडी बरोबरीला घेतली.

"बाबू, किती देते आता?" मी ओरडून विचारलं. जुनी सवय. मायलेजशिवाय आमचं बोलणं सुरूच होत नसे.

"मोजून कोण राहिलं आता!" बाबू ओरडले. मग काकूंच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "चाल वं, पळव! समोर रस्ता मोकळा हाये!"

काकूंनी मूठ पिळली. बाबूंच्या दुपट्ट्याचं टोक फडफडलं आणि दोघं पुढच्या वळणाशी लहान होत गेले. मागे निळा धूर राहिला.

माझ्या पत्नीनं माझ्या पाठीवर बोट टोचलं. "अवो, आपली गाडी काहून नाही पळत अशी?"

मी तिला फोर-स्ट्रोकचे फायदे समजावून सांगू लागलो. पेट्रोल, सुटे भाग, विकताना मिळणारी किंमत. बरंच सांगितलं. मग लक्षात आलं, ती ऐकत नव्हती. माझ्या खांद्यावरून मान लांब करून ती वळणाकडे पाहत होती.